साध्या दिसणाऱ्या पेशी, खोल गेलेला रोग: मूत्राशयाच्या ‘नेस्टेड’ कर्करोगाचे निदान

1979 साली ‘यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात जे. बी. स्टर्न यांचा एक लेख आला. मूत्राशयातल्या एका अपरिचित गाठीची त्यात नोंद होती आणि ती सौम्य असल्याचा निर्वाळा थेट शीर्षकातच दिलेला होता. निरोगी मूत्राशयात सर्रास आढळणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांतून ही गाठ उपजली, असे त्यांचे म्हणणे होते. 1989 मध्ये टॅल्बर्ट आणि यंग यांनी तीन रुग्णांचा अभ्यास मांडला. त्या गाठी कर्करोगाच्याच होत्या, पण त्यांचे काही भाग पाहणाऱ्याला निर्धास्त करतील इतके साळसूद दिसत होते. 1992 मध्ये मर्फी आणि डीना यांनी या प्रकाराला ‘नेस्टेड’ हे नाव दिले. आज स्टर्न यांच्या लेखाचा उल्लेख याच कर्करोगाचे पहिले वर्णन म्हणून होतो. म्हणजे हा रोग वैद्यकाच्या दप्तरात शिरला तोच सौम्य म्हणून.

स्टर्न यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे जो पेच होता तो पॅथॉलॉजिस्टपुढे आजही तसाच उभा राहतो. बहुतेक कर्करोगांत पेशीच आपली ओळख देते: केंद्रक फुगलेले, गडद आणि वेडेवाकडे, पेशीविभाजन जागोजागी. इथे ती ओळख मिळत नाही. पेशी कशी दिसते यापेक्षा ती कुठवर पोचली आहे, यावर निदान ठरते. आणि ती कुठवर पोचली हे कळायला तिथवरचा तुकडा हाती यावा लागतो. त्यामुळे या निदानाचा मोठा भाग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वीच, शस्त्रक्रियेच्या टेबलावर, साधतो किंवा हुकतो. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

भिंत आणि तिचे थर

मूत्राशयाच्या आतल्या बाजूला यूरोथेलियम नावाचे आवरण असते. मूत्राशय रिकामे असताना ते साधारण पाच ते सात पेशींइतके जाड भरते. त्याखाली लॅमिना प्रोप्रिया हा सैल थर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि तंतू असतात. त्यापलीकडे डेट्रुसर हा जाड स्नायू; मूत्राशय आकुंचन पावते ते त्याच्या जोरावर. त्याबाहेर चरबी. कर्करोग लॅमिना प्रोप्रियात शिरला तर टप्पा टी 1, स्नायूत शिरला तर टी 2, चरबीपर्यंत गेला तर टी 3. टी 1 आणि टी 2 यांच्यामधली रेषा ओलांडली की उपचारच बदलतात: अलीकडे मूत्राशय वाचवण्याचे प्रयत्न, पलीकडे बहुधा ते काढून टाकण्याचा विचार.

ही थरांची मांडणी कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात लॅमिना प्रोप्रियातही स्नायूचे बारीक, विस्कळीत धागे असतात. त्यांना मस्क्युलॅरिस म्युकोसी म्हणतात आणि मूत्राशयात ते असतात हे 1980च्या दशकात नीट मांडले गेले. त्या धाग्यांना खरा स्नायू समजले तर टी 1चा रोग टी 2 ठरतो, आणि खऱ्या स्नायूला धागे समजले तर उलट. चरबीचेही तेच. ती लॅमिना प्रोप्रियातही सापडू शकते, म्हणून दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात चरबीशेजारी गाठ दिसली म्हणजे रोग मूत्राशयाबाहेर गेला, असे म्हणता येत नाही.

फॉन ब्रुन यांचे पुंजके

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन ब्रुन यांनी 1893 मध्ये मूत्राशयाच्या आवरणाखाली दिसणाऱ्या पेशींच्या गोल पुंजक्यांचे वर्णन केले. आवरणाची कळी खाली लॅमिना प्रोप्रियात उतरते, कधी वरच्या आवरणाला जोडलेली राहते, कधी सुटी होते. मध्ये पोकळी पडली तर त्याला सिस्टायटिस सिस्टिका म्हणतात आणि पोकळीभोवती ग्रंथीसारख्या पेशी आल्या तर सिस्टायटिस ग्लँड्युलॅरिस. नावात ‘सिस्टायटिस’, म्हणजे मूत्राशयाचा दाह, असले तरी यांतले बरेचसे बदल कोणत्याही आजाराशिवाय असतात. शवविच्छेदनात तपासलेल्या निरोगी मूत्राशयांपैकी बहुसंख्य मूत्राशयांत असे पुंजके मिळाले आहेत. थोडक्यात, वाचकाच्याही मूत्राशयात ते असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

नेस्टेड कर्करोग याच पुंजक्यांसारखा दिसतो. मूत्राशयाच्या आक्रमक कर्करोगांमध्ये त्याचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी, म्हणजे बहुतेक पॅथॉलॉजिस्टच्या नजरेपुढे तो क्वचितच येणार. आणि ज्याच्यासारखा तो दिसतो ते पुंजके मात्र रोजच्या कामातले. अशा वेळी मन रोजच्या ओळखीकडे झुकते. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. शंभर वेळा फॉन ब्रुन पुंजके पाहिलेल्या माणसाने एकशे एकाव्या वेळीही तेच म्हणणे स्वाभाविक आहे, आणि शंभरपैकी जवळजवळ दरवेळी ते बरोबरही असते.

सूक्ष्मदर्शकाखाली

दोन्हींत पेशी जवळपास सारख्या: फिकट पेशीद्रव, लहान गोल केंद्रके, विभाजने तुरळक किंवा मुळीच नाहीत. म्हणून नजर पेशीवरून काढून रचनेकडे वळवावी लागते, आणि त्यासाठी मोठी भिंगे बाजूला ठेवून सुरुवात सर्वांत लहान भिंगाने केलेली बरी.

फॉन ब्रुन पुंजके आकाराने मोठे, गोलसर, एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर असतात. बऱ्याचदा ते गटागटाने असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांची खालची सीमा सपाट असते. सगळे पुंजके लॅमिना प्रोप्रियात एका ठरावीक पातळीला थांबतात. नेस्टेड कर्करोगात पुंजके लहान, दाटीवाटीने, अनियमित अंतरावर, काही एकमेकांत मिसळलेले असतात. खालची सीमा ओबडधोबड असते: एक पुंजका इथे थांबलेला, दुसरा त्याच्या दुप्पट खोल गेलेला. आसपासच्या तंतूंमध्ये कर्करोगाला होणारी नेहमीची प्रतिक्रिया, म्हणजे दाट, तंतुमय, चिवट ऊती तयार होणे, इथे फार थोडी दिसते किंवा दिसतच नाही. पुंजके जणू कुणाला न दुखावता तंतूंमधून वाट काढतात. शरीरानेही त्यांना परके मानलेले नसते.

एक खूण मात्र पेशींतलीही आहे, ती शोधावी लागते. पुंजके जसजसे खोल जातात तसतशी काही केंद्रके मोठी होतात, त्यांत ठळक केंद्रिका दिसू लागते. शेकडो शांत पेशींमध्ये मधूनच एखादी बिघडलेली पेशी. वरवरच्या तुकड्यात ती असतेच असे नाही. वरचे आवरण तर अनेकदा अगदी सामान्य असते, त्यावरून खाली काय चालले आहे याचा अंदाज येत नाही.

तुकडा तिरका कापला गेला तर आणखी घोटाळा होतो. आवरणाच्या खाली उतरलेल्या कळ्या हातमोज्याच्या बोटांसारख्या असतात. त्या आडव्या कापल्या की काचपट्टीवर सुटी वर्तुळे दिसतात आणि पेशी तुटून खोल शिरल्याचा भास होतो. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. निरुपद्रवी कळ्यांना कर्करोग म्हणून एखाद्याचे मूत्राशय काढणे ही चूकही लहान नाही. काचपट्टीवरची वर्तुळे खरीच सुटी आहेत का, हे ठरवण्यासाठी पॅराफिन ब्लॉकमधून आणखी खोलवरचे छेद घ्यावे लागतात. ते मागवायला संकोच करू नये.

या सगळ्या खुणा संशय वाढवतात किंवा कमी करतात. खात्री देते ती एकच. पुंजके डेट्रुसर स्नायूत शिरलेले दिसले, तर पेशी कितीही शांत असोत, तो कर्करोग आहे. फॉन ब्रुन पुंजके स्नायूत जात नाहीत.

तुकड्याची खोली

इथे सर्जनचा संबंध येतो. दुर्बिणीतून चिमट्याने घेतलेल्या छोट्या बायोप्सीत साधारणपणे वरचे आवरण आणि थोडा लॅमिना प्रोप्रिया येतो. अशा तुकड्यात नेस्टेड कर्करोगाचा वरचा भाग आणि फॉन ब्रुन पुंजक्यांची दाट वाढ यांत फरक करणे अनुभवी तज्ज्ञालाही अनेकदा शक्य नसते, कारण फरक ज्या जागी आहे ती जागाच तुकड्यात नाही. टीयूआरबीटीमध्ये, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेच्या कड्याने गाठ खरवडून काढण्यात, स्नायूपर्यंत जाता येते. पण तिथेही वीज जपून वापरावी लागते; जळलेल्या कडेच्या ऊतीत पेशी चिरडल्या आणि भाजल्या जातात, आणि नेमक्या खोल कडेलाच ते घडले तर हाती काही उरत नाही. गाठीचा वरचा भाग आणि तळ वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवणे ही जुनी, साधी शिस्त आहे. या रोगात तिचे मोल सर्वाधिक.

म्हणून अहवालात एक वाक्य असायलाच हवे: तुकड्यात डेट्रुसर स्नायू आहे की नाही, आणि असेल तर तो रोगमुक्त आहे की नाही. ‘कर्करोगाचा पुरावा नाही’ हे विधान स्नायू असलेल्या तुकड्याबद्दल एक सांगते आणि स्नायू नसलेल्या वरवरच्या तुकड्याबद्दल फारच थोडे सांगते. रुग्णाच्या हाती मात्र दोन्ही अहवाल सारखेच दिसतात, आणि घरी गेल्यावर दोन्हींचा अर्थ ‘काही निघालं नाही’ असाच होतो. तालुक्याच्या गावातून मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत कुरियरने जाणाऱ्या बाटलीसोबतच्या कागदावर बहुधा ‘मूत्राशयातील गाठ’ एवढेच लिहिलेले असते. दुर्बिणीतून गाठ कुठे दिसली, मूत्रपिंडाला सूज आहे का, आधी काय निघाले होते, हे त्यावर चार ओळींत लिहिले तर पाहणाऱ्याचा संशय जागा राहतो.

काचपट्टीच्या आधीच्या खुणा

हा रोग बहुधा साठी-सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांत आढळतो. सुरुवात लघवीतून रक्त जाण्याने होते, आणि ते बहुतेक वेळा न दुखता जाते. एक दिवस लघवी लाल होते, दुसऱ्या दिवशी साफ. आपल्याकडे मुतखडा इतका परिचयाचा की रक्त दिसले तरी आधी त्याचीच आठवण होते, आणि खरोखर एखादा बारीक खडा सोनोग्राफीत सापडला तर शोध तिथेच थांबतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता रक्त गेले असेल, तर खडा सापडल्यावरही मूत्राशय आतून पाहिले पाहिजे.

दुर्बिणीतूनही दृश्य फसवे असू शकते. माक्स निट्झे यांनी 1877 मध्ये विजेच्या प्रकाशाची दुर्बीण दाखवली तेव्हापासून मूत्राशयाच्या कर्करोगाची ओळखीची आकृती म्हणजे आत डोकावणारी, समुद्रातल्या शेवाळासारखी झुलणारी गाठ. नेस्टेड कर्करोग मात्र आवरणाखाली पसरतो. आतून कधी थोडा लालसरपणा, कधी भिंत किंचित उंचावलेली, कधी काहीच नाही. तो अनेकदा मूत्रवाहिन्या जिथे मूत्राशयात उघडतात त्या त्रिकोणाच्या परिसरात असतो. त्यामुळे मूत्रवाहिनीचे तोंड आवळले जाऊन वरचे मूत्रपिंड फुगते. दुर्बिणीत जवळजवळ काही नाही, पण सीटी स्कॅनमध्ये भिंत जाड आणि एका बाजूचे मूत्रपिंड सुजलेले, ही विसंगती या रोगाची महत्त्वाची खूण आहे. ‘सौम्य’ लिहिलेला बायोप्सी अहवाल या विसंगतीपुढे टिकत नाही. अशा वेळी पुन्हा, आणि खोल, तुकडा घ्यावा.

पापानिकोलाउ आणि मार्शल यांनी 1945 मध्ये रूढ केलेली लघवीतील पेशींची तपासणी इथे फारशी कामाची नाही. ती बिघडलेली केंद्रके शोधते, आणि या रोगात तीच कमी असतात. शिवाय वरचे आवरण शाबूत असेल तर खालच्या पेशी लघवीत उतरतही नाहीत. ती तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये.

सारखे दिसणारे इतर

फॉन ब्रुन पुंजके सोडले तर आणखी काही विकार इथे गोंधळ उडवतात. त्यांतला सर्वांत गमतीदार म्हणजे नेफ्रोजेनिक अ‍ॅडिनोमा. लहान नळ्यांची ही सौम्य वाढ मूत्राशयात का उगवते याचा उलगडा 2002 मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून झाला. दाता एका लिंगाचा आणि रुग्ण दुसऱ्या लिंगाचा असेल तर लिंगगुणसूत्रांवरून पेशी कोणाच्या हे सांगता येते. ती वाढ दात्याच्या मूत्रपिंडातील पेशींची निघाली: मूत्रपिंडातून गळून लघवीबरोबर खाली आलेल्या पेशी मूत्राशयाच्या दुखावलेल्या जागी रुजल्या होत्या. म्हणूनच पॅक्स 8 हे मूत्रपिंडाच्या वंशाचे प्रथिन त्यांत रंगते. मूत्राशयाच्या नेस्टेड कर्करोगात ते सहसा रंगत नाही.

दुसरा धोका पॅरागँग्लिओमाचा. तोही पुंजक्यांच्या रूपात, तोही स्नायूत शिरणारा. गाटा 3 या प्रथिनाचे रंजन यूरोथेलियल कर्करोगाच्या बाजूचा पुरावा मानले जाते, पण पॅरागँग्लिओमातही ते रंगते, तेव्हा एकट्या गाटा 3वर विसंबणारा फसतो. केराटिन नाही, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन मात्र आहे, असे दिसले की उलगडा होतो. लघवी करताना डोके दुखणे, धडधडणे, घेरी येणे अशी तक्रार रुग्णाने केली होती का, हे विचारल्यास कधी रंजनाच्या आधीच उत्तर मिळते. इन्व्हर्टेड पॅपिलोमा आणि मूत्राशयात शिरलेला प्रोस्टेटचा कर्करोग यांचाही विचार करावा लागतो, पण ते तुलनेने लवकर वेगळे काढता येतात.

या कर्करोगाचे भाऊबंदही आहेत. कॉक्स आणि एपस्टाइन यांनी 2011 मध्ये ‘लार्ज नेस्टेड’ प्रकाराच्या 23 रुग्णांची मालिका मांडली. त्यात पुंजके मोठे, गुळगुळीत कडांचे असतात आणि वर साधी दिसणारी झुबकेदार वाढ असू शकते. तिथे तर स्नायू दिसल्याशिवाय नाव घेणेच कठीण.

रंजन आणि जनुक

पी 53, की-67, सायटोकेराटिन 20 अशा रंजनांचा वापर करून सौम्य पुंजके आणि नेस्टेड कर्करोग वेगळे करण्याचे प्रयत्न झाले. सरासरी घेतली तर फरक दिसतो. समोरच्या एका रुग्णापुरता मात्र दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांत मिसळतात. मला वाटते या रंजनांवर दिला जाणारा भर जरा जास्तच आहे. संशयित तुकड्यात स्नायू नसेल तर आणखी चार रंजने मागवण्यापेक्षा सर्जनला फोन करणे अधिक उपयोगाचे.

टर्ट जनुकाची गोष्ट वेगळी. गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या टेलोमरेजचा हा जनुक. त्याच्या नियंत्रक भागात, सुरुवातीच्या 124 आणि 146 अक्षरे आधीच्या दोन ठरावीक जागी होणारे बदल 2013 मध्ये मेलानोमात सापडले आणि मूत्राशयाच्या कर्करोगात ते फार मोठ्या प्रमाणावर असल्याचे लवकरच दिसून आले. नेस्टेड कर्करोगांपैकी बहुसंख्यांत हा बदल असतो, फॉन ब्रुन पुंजक्यांसारख्या सौम्य बदलांत तो सहसा नसतो. पेशीच्या दिसण्याशी त्याचा संबंध नाही, हीच त्याची ताकद. पॅराफिनमध्ये जपलेल्या छोट्या तुकड्यावरही तो शोधता येतो. तरी तो न सापडल्याने कर्करोग नाही असे ठरत नाही.

निदानानंतर

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004, 2016 आणि 2022च्या वर्गीकरणांत नेस्टेड प्रकाराला स्वतंत्र जागा आहे. प्रतवारीत एक अपवाद करावा लागतो: पेशी कमी प्रतीच्या दिसत असूनही हा रोग उच्च प्रतीचा मानला जातो. म्हणजे पेशी पाहून प्रत ठरवण्याचा नियम इथे मुद्दाम मोडला आहे.

तो मोडण्याचे कारण रुग्णांच्या वाटचालीत आहे. 2010 मध्ये वास्को आणि सहकाऱ्यांनी शुद्ध आणि मिश्र मिळून 30 नेस्टेड रुग्णांची तुलना नेहमीच्या उच्च प्रतीच्या कर्करोगाशी केली. मूत्राशय काढल्यावर रोग भिंतीबाहेर गेलेला निघण्याचे प्रमाण नेस्टेडमध्ये 83 टक्के, इतरांत 33 टक्के. लिंडर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मेयो क्लिनिकमधील 52 रुग्ण पाहिले. त्यांतही बहुसंख्यांचा रोग टी 3 किंवा त्याच्याही पुढच्या टी 4 टप्प्यावर होता. पण त्याच टप्प्यावरच्या नेहमीच्या कर्करोगाशी जोडी लावून पाहिल्यावर जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक उरला नाही. मी याचा अर्थ असा लावतो की या पेशी इतरांहून अधिक क्रूर आहेत असे मानण्याची गरज नाही. त्या उशिरा ओळखल्या जातात एवढे पुरेसे आहे. आवरणाखाली पसरणे आणि पहिल्या बायोप्सीचे ‘सौम्य’ उत्तर, दोन्ही मिळून वेळ खातात.

रोग लॅमिना प्रोप्रियापुरताच आहे असे पहिल्या टीयूआरबीटीत दिसले तरी दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागेवर पुन्हा खोल खरवडणे आवश्यक ठरते, कारण पहिल्या वेळी लपलेला स्नायूतला रोग तेव्हा उघड होऊ शकतो. नेहमीच्या टी 1 कर्करोगात मूत्राशयात बीसीजी सोडण्याचा उपचार पहिला येतो. नेस्टेड प्रकारात मात्र मूत्राशय लवकर काढण्याचा पर्याय सुरुवातीलाच रुग्णापुढे ठेवण्याकडे अनेक तज्ज्ञांचा कल असतो. एवढा मोठा निर्णय घेण्यापूर्वी ब्लॉक आणि काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवणे रास्तच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या रुग्णाच्या काचपट्ट्या नव्याने पाहिल्याच जातात. ते ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि त्याने पॅथॉलॉजिस्टचा अपमान होत नाही.

मूत्राशय काढतानाही हाच पेच पुन्हा उभा राहतो, तोही घाईत. मूत्रवाहिनीचे कापलेले टोक रोगमुक्त आहे का, हे पाहण्यासाठी गोठवलेला छेद पाठवला जातो. फॉन ब्रुन पुंजके मूत्रवाहिनीतही असतात, कधी भरपूर असतात. गोठवलेल्या ऊतीत केंद्रके मुळातच विकृत दिसतात, छेद जाड असतो, आणि उत्तर काही मिनिटांत हवे असते. पुंजके सपाट तळाचे आणि वरच्याच थरात असतील तर टोक सोडून देता येते. मूत्रवाहिनीच्या स्नायूत शिरलेले दिसले तर आणखी वरचा भाग कापायला सांगावा लागतो. मधल्या प्रकारात पॅथॉलॉजिस्टने ‘सांगता येत नाही’ असे स्पष्ट कळवावे आणि मूत्रवाहिनीची लांबी पुरत असेल तर सर्जनने आणखी एक तुकडा घ्यावा; पॅराफिनमधल्या छेदांचे पक्के उत्तर यायला पुढे काही दिवस जातात.